निर्मीक, प्रकृती आणि गरम पाण्याची कुंडे

भिवंडीहून वज्रेश्वरीकडे निघाले की गोदामे आणि यंत्रमाग मागे पडतात, भातशेती सुरू होते आणि पुढे तानसा नदी लागते. अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी ही गरम पाण्याच्या झऱ्यांची गावे याच नदीच्या परिसरातली, आणि तिन्ही भिवंडी तालुक्यातलीच. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला आणि १७३९ मध्ये वसई घेतल्यावर देऊळ बांधवून तो फेडला. कुंडे मात्र देवळाच्या कितीतरी आधीची. त्यांच्याबद्दल गावात विचारले तर देवीने दैत्यांचा संहार केला आणि त्यांचे रक्त अजून ऊन आहे, असे सांगतात. भूशास्त्रज्ञ सांगतो की कोकणपट्टीच्या खडकात खोल भेगा आहेत, पावसाचे पाणी त्यांतून खाली जाते, पोटातल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते. जवळपास ज्वालामुखी नाही. ज्या लाव्हारसाचा हा खडक झाला तो थिजून साडेसहा कोटी वर्षे उलटली. संधिवाताचा रोगी कुंडात उतरताना पाण्याला हात जोडतो आणि बाहेर आल्यावर त्यातल्या गंधकाचा गुण सांगतो. दोन्ही गोष्टी त्याला एकाच वेळी पटलेल्या असतात.

कुंडातले पाणी ओसंडून जिथे दगडावरून पन्हाळीकडे जाते तिथे वाकून पाहावे. तोंडाशी पाणी चटका देणारे आणि दगड स्वच्छ. वीतभर खाली गेले की दगडावर बुळबुळीत थर दिसू लागतो, आधी पिवळट, मग हिरवा, आणि पाणी निवत जाते तसा दाट. नखाने खरवडला तर कापडासारखा सोलून येतो. भाविक त्यावरून पाय घसरू नये म्हणून जपून चालतात, तेवढाच त्यांचा त्याच्याशी संबंध. हा थर जिवाणूंचा आहे. अशाच ऊन पाण्यात पृथ्वीवरचा पहिला जीव घडला असावा, असे मानणारा शास्त्रज्ञांचा एक मोठा गट आज जगात आहे. डार्विनने १८७१ मध्ये आपला मित्र हूकर याला लिहिलेल्या पत्रात क्षार, उष्णता आणि वीज लाभलेल्या एखाद्या छोट्या कोमट तळ्याची कल्पना केली होती. पत्र खासगी होते, कल्पना चुटपुटती होती. छापील ग्रंथात पहिल्या जिवाविषयी तो जवळजवळ गप्पच राहिला.

सृष्टी आणि सजीव कुठून आले, जगात दिसणारी सुव्यवस्था कोणी लावली की आपसूक लागली, यावर आस्तिकांनी आणि नास्तिकांनी जे लिहिले त्यातले काही उतारे या संग्रहात एकत्र केले आहेत. निवड भिवंडीत बसून केली, म्हणून ती अशी आहे. मुंबई-पुण्यात केली असती तर मुसलमान लेखक इब्न तुफैल कदाचित राहून गेला असता. या शहरात धर्मावर बोलताना माणसे आवाज खाली आणतात. १९७० आणि १९८४ च्या दंगली ज्यांनी पाहिल्या त्यांना त्याचे कारण सांगावे लागत नाही. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांचे काम उभे केले आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांत पाण्यावर, विजेवर, मिरवणुकीच्या मार्गावर बोलणे होई. सृष्टीच्या उत्पत्तीवर बोलायला कोण बसणार? पण पोरे दहावीच्या वर्गात हा विषय शिकतात आणि घरी येऊन विचारतात.

आपल्याकडे हा वाद बहुधा परदेशातून आणलेल्या कपड्यांत उभा केला जातो: एका बाजूला बायबलातले सहा दिवस, दुसऱ्या बाजूला डार्विन, मध्ये न्यायालय. त्या वादाचे मोल मला ठाऊक आहे, पण आपल्या मातीत रेघ त्या जागी पडलेली नाही. सृष्टिकर्ता मानतो तो धार्मिक आणि मानत नाही तो अधार्मिक, हे समीकरण इथे पहिल्याच पायरीवर मोडते. मीमांसकांइतके कर्मठ कोणी नाही. यज्ञातल्या समिधेचीही चूक त्यांना खपत नाही. सृष्टिकर्ता ईश्वर मात्र त्यांना नको होता. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टाने सृष्टिकर्त्याच्या कल्पनेला विचारलेले प्रश्न आजही कुणा निरीश्वरवाद्याने जसेच्या तसे उचलावेत असे आहेत. कर्त्याला शरीर होते का? असेल तर ते कोणी घडवले? त्याने दयेपोटी सृष्टी केली म्हणावे, तर सृष्टीआधी दया करायला होते कोण? आणि दयाच होती तर इतके दुःख कशाला घडवले? जैन आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात महापुराणात हीच उलटतपासणी आणखी कडक भाषेत केली. सांख्यांनी प्रकृतीतूनच सगळा पसारा उलगडून दाखवला. बौद्धांना मूळ कर्त्याची गरज भासली नाही. भिवंडीजवळ लोणाडच्या टेकडीत त्यांची लेणी आहेत आणि खालच्या गावात जुने शिवमंदिर. सृष्टी कोणी केली यावर त्या दोन वास्तूंची उत्तरे जुळत नाहीत.

ईश्वराच्या बाजूने खणखणीत युक्तिवाद केला तो नैयायिकांनी. दहाव्या-अकराव्या शतकातल्या उदयनाचार्याने न्यायकुसुमांजलीत जो गाभा मांडला तो असा: जे जे कार्य आहे त्याला कर्ता असतो, जग कार्य आहे, म्हणून जगालाही कर्ता आहे. नैयायिकांची नेहमीची उदाहरणे म्हणजे मडके आणि कापड. कापडाचे उदाहरण भिवंडीच्या वाचकाला समजावून सांगायला नको. ताणा आणि बाणा आपणहून एकमेकांत गुंतत नाहीत. बीम भरावा लागतो, कांडी लावावी लागते, धोटा फेकावा लागतो. डॉबीवर नक्षी असेल तर ती आधी कुणीतरी कागदावर काढलेली असते. पण उदाहरण नीट ताणून पाहावे. कापडाला विणकर आहे, हे कबूल. मागाला कोण आहे? भिवंडीतले कितीतरी माग मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले, इथे आणून ठोकठाक करून चालवलेले. एकाचा पाय दुसऱ्याला, दुसऱ्याचा दांडा तिसऱ्याला. मागांची दुरुस्ती करणाऱ्या जॉबरांच्या पिढ्यांनी त्यांत इतके फेरफार केले की आज कारखान्यात खडखडणाऱ्या मागाचा आराखडा कोणा एकाच्या डोक्यात कधीच नव्हता. तो चालतो, कारण जे चालले नाही ते भंगारात गेले. अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमने जहाज बांधणाऱ्या सुताराबद्दल नेमका हाच आक्षेप घेतला होता. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७७९ मध्ये छापला गेला. घड्याळ आणि घड्याळजी हे ईश्वरवादी पेलीचे प्रसिद्ध उदाहरण १८०२ चे, म्हणजे आक्षेप आधीच घेऊन झाला होता. दोघांचे उतारे सोबत दिले आहेत. माझे मत ह्यूमकडे झुकते, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही उदयनाला एवढ्याने हरवता येत नाही. त्याचा खरा प्रश्न कापडाचा नसून सूत विणले जाण्याजोगे का असते, हा आहे. निसर्गाला नियम का आहेत? जॉबरांची गोष्ट तिथे कामाला येत नाही.

आता पहिल्या जिवाकडे. जुन्या धर्मग्रंथांना निर्जीवातून जीव निघण्याचे वावडे नव्हते, हे आजच्या भाविकांना सहसा ठाऊक नसते. ऐतरेय उपनिषदातले जिवांचे चार प्रकार, अंडज, जारुज, स्वेदज, उद्भिज्ज, आपल्या संतवाङ्मयातही आहेत. त्यांतले स्वेदज म्हणजे घामातून, उबेतून, ओलीतून उपजणारे जीव. उवा, माश्या, किडे असे आपोआप होतात हे सर्वांना मान्य होते आणि त्यामुळे कुणाचा देव अडचणीत आला नाही. युरोपातल्या धर्मपंडितांचेही तेच. अंदलुसी वैद्य इब्न तुफैल बाराव्या शतकात आपल्या हय्य इब्न यक्झानच्या कथेत विषुववृत्ताखालच्या एका भारतीय बेटावर आईबापांवाचून माणूस जन्माला घालतो. माती आंबते, तिच्यात बुडबुडे उठतात, त्यांतल्या एका नाजूक बुडबुड्यात ईश्वराकडून आलेला आत्मा शिरतो. कथेत दुसरा पर्यायही आहे, राजकन्येने पेटीत घालून समुद्रात सोडलेल्या बाळाचा. लेखक दोन्ही ठेवतो आणि वाचकाला मोकळे सोडतो. हा मुसलमान लेखक होता, दरबारी होता, ईश्वरनिष्ठ होता. प्रत्येक सजीव पाण्यापासून केला, असे कुराणातल्या अंबिया या सुरेत आहेच. इब्न तुफैलला आंबलेल्या मातीत धर्मविरोधी काही दिसले नाही.

निर्जीवातून जीव निघण्याचा हा दरवाजा बंद केला तो लुई पाश्चरने, १८६० च्या सुमाराला, बगळ्यासारख्या मानेच्या काचेच्या चंबूंनी. उकळलेल्या रश्शात बाहेरची धूळ शिरू दिली नाही तर त्यात काहीच उपजत नाही. पाश्चर श्रद्धावान होता आणि या निकालाने जडवाद्यांची पंचाईत झाली, याचा आनंद त्याच्या बाजूच्यांनी लपवला नाही. जीव आपोआप होत नसेल तर पहिला जीव कुठून आला? म्हणजे ज्याला आपण विज्ञान आणि धर्म यांच्यातले सनातन भांडण समजतो, त्याच्या या भागाचे वय जेमतेम दीडशे-पावणेदोनशे वर्षे आहे.

पुढची कहाणी थोडक्यात सांगून पुढे जातो. ओपारिनने १९२४ मध्ये रशियन भाषेत आणि जे. बी. एस. हाल्डेनने १९२९ मध्ये इंग्रजीत, एकमेकांचे न वाचता, आदिसागरात रसायनांतून जीव घडल्याची मांडणी केली. हाल्डेनचा निबंध छापला होता बुद्धिवाद्यांच्या वार्षिकात. हा माणूस १९५७ मध्ये भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. मार्क्सवादी आणि निरीश्वरवादी असून तो कुर्ता घालायचा, मांस खात नसे आणि हिंदू ग्रंथ आवडीने वाचायचा. त्याला कुठल्या रकान्यात घालायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. १९५३ मध्ये स्टॅन्ली मिलरने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ बंद काचेत घालून ठिणग्या पाडल्या आणि थोड्याच दिवसांत त्यात अमिनो आम्ले सापडली. आज एक गट समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांकडे बोट दाखवतो, दुसरा जमिनीवरच्या कुंडांकडे, जिथे काठ पुनःपुन्हा भिजतो आणि वाळतो आणि त्या फेऱ्यांत लहान रेणू जोडले जाऊन मोठे होऊ शकतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात सुमारे साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या गरम झऱ्यांच्या खडकांत जिवाणूंच्या खुणा मिळाल्या आहेत. अकलोलीची कुंडे त्या मानाने कालची, तिथे पहिला जीव झाला असे कोणी म्हणणार नाही.

रसायनांपासून स्वतःची नक्कल करणाऱ्या पेशीपर्यंतचा अख्खा रस्ता कोणत्याही प्रयोगशाळेने चालून दाखवलेला नाही. नास्तिकांनी हे मोकळेपणाने म्हणावे. उत्क्रांतीचा सिद्धांत पहिल्या पेशीनंतर लागू होतो, तिच्या जन्माला त्याची साक्ष काढता येत नाही. आणि भाविकांनी आपला देव या फटीत बसवू नये. आधीच्या फटी एकेक करून बुजल्या. सजीवांतली द्रव्ये प्रयोगशाळेत होत नाहीत म्हणत, तोवर व्होलरने १८२८ मध्ये युरिया करून दाखवला. जो देव शास्त्रज्ञांच्या अज्ञानावर राहतो त्याला दर पिढीत जागा बदलावी लागते. मला यात धर्माचा मान दिसत नाही.

मात्र महाराष्ट्रात निरीश्वरवाद जीवशास्त्राच्या वर्गातून आलाच नाही. तो आला विधवांच्या केशवपनातून, शिवाशिवीतून, पुरोहिताच्या दक्षिणेतून. कारण इथे सृष्टीची सुव्यवस्था आणि समाजाची उतरंड एकाच सूक्तात सांगितलेली होती. विराट पुरुषाच्या मुखापासून, बाहूंपासून, मांड्यांपासून, पायांपासून चार वर्ण. ज्याला उतरंड नको होती त्याला उत्पत्तीची गोष्ट तपासणे भाग होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त धोंडिबाशी संवाद करत ब्रह्मदेवाच्या चार अवयवांतून झालेल्या जन्मांची अशी काही चिरफाड केली आहे की शरीरशास्त्राच्या प्राध्यापकालाही घाम फुटावा. प्रत्येक अवयवाला गर्भाशय होते काय, विटाळाचे काय, असे रोखठोक प्रश्न. पण जोतीराव नास्तिक नव्हते. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त निर्मीक आहे, सर्वांचा एकच निर्माणकर्ता. त्यानेच सर्व स्त्री-पुरुषांना सारखे हक्क दिले, म्हणून कोणी कोणाला नीच म्हणू नये. निर्माता मानणाऱ्या फुल्यांनी व्यवस्था उलथवायला घेतली आणि निर्माता न मानणाऱ्या मीमांसकांनी ती शतकानुशतके राखली. हे दोन उतारे मुद्दाम समोरासमोर छापले आहेत. बाबासाहेब आंबेडकरांनी तिसरी वाट घेतली. १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सृष्टिकर्ता ईश्वर नाकारला आहे, आणि जगाची नैतिक व्यवस्था माणसाच्या कर्मावर उभी केली आहे.

टिळक-आगरकरांची जोडी या संग्रहाच्या मध्यभागी आहे. कोल्हापूरच्या अब्रुनुकसानी प्रकरणात १८८२ मध्ये दोघे डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिले. पुढे वाटा फुटल्या. १८८८ मध्ये आगरकरांचे ‘सुधारक’ निघाले. ‘देवतोत्पत्ति’ या निबंधात आगरकरांनी प्रश्नच उलटा केला: देवाने माणूस कसा केला हे राहू द्या, माणसाला देव कसे सुचले ते पाहू. ते १८९५ मध्ये गेले, वय चाळिशीच्याही आत. टिळकांचे ‘गीतारहस्य’ निघाले १९१५ मध्ये. त्यात विश्वाच्या उभारणी-संहारणीचे एक अख्खे प्रकरण आहे आणि त्यात सांख्यांची प्रकृती आणि हेकेल-डार्विनची उत्क्रांती शेजारी शेजारी मांडली आहे. टिळक उत्क्रांतीला भीत नाहीत. जगाचा पसारा क्रमाक्रमाने उलगडला हे त्यांना मान्यच आहे, सांख्यकार कपिलाने ते आधीच सांगितले अशी त्यांची धारणा आहे. हेकेल सारे काही जडात मिटवतो, तिथे ते त्याला अडवतात: जो हे सगळे जाणतो तो कुठून आला? गेलेल्या मित्राला वीस वर्षांनी दिलेले उत्तर म्हणून मी हे प्रकरण वाचतो. इतिहासकार यावर नाक मुरडतील, मुरडोत.

आणि हे सारे असूनही जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विन चुकीचा असल्याचे जाहीर केले. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कुठे सांगितलेले नाही, हा त्यांचा मुद्दा. हे गृहस्थ मुंबईचे पोलीस आयुक्त होते. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार नसताना मागे राहिलेल्या पुराव्यावरून गुन्हा शाबीत होतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? टिळकांच्या प्रकरणाची चार पाने त्यांना कुणी वाचून दाखवायला हवी होती. २०२३ मध्ये केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आणि देशभरच्या शास्त्रज्ञांनी निषेधाचे पत्र काढले. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. भिवंडीतल्या मराठी आणि उर्दू माध्यमांच्या शाळांत तो एकाच वर्षी, एकाच परीक्षेसाठी वाचला जातो. मोहल्ला समित्यांना जे जमले नसते ते या धड्याने न बोलता केले आहे.

शेवटचा विभाग जयंत नारळीकरांचा. फ्रेड हॉयल आणि नारळीकर या दोघांनी मांडलेले विश्व आदि-अंत नसलेले होते. महास्फोटाचा सिद्धांत मांडणारा लमेत्र पाद्री, त्याला नाकारणारा हॉयल निरीश्वरवादी. १९५१ मध्ये पोप बाराव्या पायस यांनी महास्फोटात सृष्ट्युत्पत्तीचा आधार पाहिला तेव्हा अस्वस्थ झाला तो लमेत्रच. पेशी योगायोगाने घडणे अशक्य असल्याचे हॉयलचे गणित पुढे देवाच्या बाजूने वापरले गेले, ते त्याच्या मनातही नव्हते. त्याला म्हणायचे होते की जीव अवकाशातून आला. ते तपासायला नारळीकरांच्या पुढाकाराने हैदराबादहून २००१ आणि २००५ मध्ये फुगे सोडले गेले. २००५ च्या फुग्याखाली निर्जंतुक केलेल्या पोलादी नळकांड्या होत्या, सोळा, द्रवरूप निऑनमध्ये थंड ठेवलेल्या. वीस ते एक्केचाळीस किलोमीटर उंचीवरची हवा त्यांत भरून आली. हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत तिच्यातून जिवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती वाढल्या. तीन जिवाणू अगदी नवे निघाले. एकाला हॉयलचे नाव दिले, एकाला आर्यभटाचे, एकाला इस्रोचे. ते वरून खाली आले की खालून वर गेले, हे या प्रयोगाने ठरत नाही, असे तो करणाऱ्यांनीच निवेदनात स्पष्ट केले. आणि ते वरून आले असे उद्या ठरले तरी तिथे ते कसे झाले हा प्रश्न राहतोच.

वाचकाने क्रम पाळायलाच हवा असे नाही. उदयनाचा उतारा कठीण आहे, पहिल्या वाचनात सोडला तरी चालेल. कुमारिलाचे प्रश्न आणि ‘गुलामगिरी’तला संवाद मात्र एका बैठकीत वाचावेत, मोठ्याने वाचले तर अधिक बरे. इब्न तुफैलच्या गोष्टीखाली उर्दू वाचकांसाठी कठीण शब्दांचे अर्थ दिले आहेत. गटात वाचणार असाल तर पुढचा उतारा मांडण्याचे काम ज्याला तो पटत नाही त्याच्याकडे द्यावे, म्हणजे आगरकरांची बाजू भाविकाने मांडावी आणि टिळकांची नास्तिकाने.